नावाच्या जागी %

१

तो डिसेंबर होता की जानेवारी, हे बिंदुमाधवरावांना आता खात्रीने सांगता येणार नाही. थंडी होती एवढं नक्की, कारण तुंगाबाईंनी दुपारीही खांद्यावर शाल घेतलेली त्यांना आठवते. पण तुंगाबाई मार्च उजाडेपर्यंत शाल सोडत नसत, तेव्हा तो पुरावाही कच्चाच. छत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला पुराव्याची किंमत कळते. स्वतःच्या स्मरणावर किती भार टाकावा, हेही कळतं. त्र्याहत्तराव्या वर्षी बिंदुमाधवराव तो भार फार बेताने टाकत. दार लावलं का हे ते दोनदा पाहत, आणि दोनदा पाहिलं का याची तिसऱ्यांदा शंका घेत.

त्यांचं घर मैसूरात, नजरबादच्या एका मागच्या गल्लीत. एकामागे एक तीन खोल्या, तिन्हींत तांबडी गुळगुळीत जमीन. समोरच्या खोलीत त्यांचं टेबल आणि संगणक. मधल्या खोलीत तुंगाबाईंचं पुस्तकांचं कपाट आणि वेताच्या दोन खुर्च्या. त्यामागे स्वयंपाकघर. जेवण झालं की दोन ते चार बिंदुमाधवराव मंडळाचं काम करीत, आणि तुंगाबाई मधल्या खोलीत वाचता वाचता डुलकी घेत.

काम असं होतं. मैसूरच्या मराठी मंडळाचं वाचनालय बंद पडून जमाना झाला होता. उरल्या होत्या सहा देवघेव-वह्या: कोणी कोणतं पुस्तक कधी नेलं, कधी परत केलं. त्यातली माहिती संगणकावर घालायचं मंडळाने ठरवलं. तुंगाबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी चंद्रिका शहराच्या कडेला हिनकलला राहायची. सॉफ्टवेअर कंपनीत वीस वर्षं काढलेली बाई. तिने पानांचे फोटो काढून दिले, तक्ते बांधून दिले आणि काकांना संगणकाला प्रश्न विचारायची रीत शिकवली.

"काका, नेमकं हेच नाव हवं असेल तर बरोबरचं चिन्ह. यासारखं काहीतरी हवं असेल तर लाइक. अर्धंच नाव माहितीय? उरलेल्या जागी चिन्हं घालायची. अंडरस्कोर म्हणजे एक अक्षर, कुठलंही. परसेंट म्हणजे कितीही अक्षरं, कुठलीही. एकही नसलं तरी चालतं."

"आणि नुसतंच परसेंट घातलं तर?"

"मग सगळं जग येतं, काका."

वह्यांना कसर लागलेली होती. पुष्कळ नावांची अक्षरं खाल्लेली. इथे बिंदुमाधवरावांनी एक युक्ती काढली, आणि तिचा त्यांना जरा अभिमानही वाटला. खाल्लेल्या अक्षराच्या जागी खालची रेघच टाकायची. किती अक्षरं गेली ते कळत नसेल तर टक्क्याचं चिन्ह. मग त्या जखमी नावाचाच साचा करायचा आणि तो सभासदांच्या यादीवर ठेवून बघायचा. यादी वेगळ्या कपाटात असल्यामुळे शाबूत होती, नऊशे तेरा नावं. सुरुवातीचा 'र' आणि शेवटचा 'त्तम' एवढंच उरलं असेल तर साच्यात बरोबर रघूत्तम बसायचा. अडचण एकच: तुंगा हे नाव आपल्याला दोन अक्षरांचं, पण यंत्र काना, उकार, अनुस्वार सगळं सुटं मोजतं, त्याला ती पाच. मंडळाने टंकायला बसवलेल्या दोन बायका रेघा मोजून कंटाळल्या आणि जरा शंका आली की सरळ टक्का मारू लागल्या.

चंद्रिकाला ही युक्ती मुळीच पटली नव्हती. "ही चिन्हं विचारण्यासाठी असतात, काका. साठवून नाही ठेवायची."

ते हसले होते. निदान हसले असावेत.

२

पूर्ण नाव खाल्लेल्या, म्हणजे नावाच्या जागी नुसतं % असलेल्या ओळी किती, हे त्यांनी एके दुपारी सहज विचारलं. सहा हजार दोनशे चार ओळींपैकी एकशे बारा.

प्रत्येक पुस्तकाच्या नोंदी तारखेप्रमाणे लावल्यावर त्यांना त्या ओळींच्या वरची ओळ खटकली. वरची ओळ प्रत्येक वेळी एकाच माणसाची होती. कुमारी तुंगा जगन्नाथराव. १९७० च्या जूनपासून १९७४ च्या मार्चपर्यंत, म्हणजे लग्न होईपर्यंत, तुंगाने एकशे बारा वेळा पुस्तक नेलं होतं. तिने पुस्तक परत केलं की दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक कोणीतरी नेलं होतं. त्या कोणाचं तरी नाव एकदाही शिल्लक नव्हतं.

त्यांनी फोटो उघडले. नावाच्या जागी लांबट भोक, कडा मऊ, जणू बोटाने चोळून घालवलेल्या. वरची ओळ शाबूत. खालची शाबूत. कसर पान खाते, आडवी-उभी शिरते, वह्यांच्या वह्या आरपार जाते. एकशे बारा पानांवर एकच माणूस निवडून खात नाही.

शक्यता काढायला त्यांनी कागद ओढला आणि तसाच बाजूला सारला. कारण आकड्याच्या आधी दुसरंच काहीतरी छातीत येऊन बसलं होतं. त्याचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि लाजही वाटत होती.

साचा यादीवर ठेवला. टक्क्यात अर्थातच सगळे बसले. नऊशे तेरा. बायका वगळल्यावर सातशे नऊ. त्या दुपारी बिंदुमाधवरावांनी सातशे नऊ पुरुषांकडे एकेक करून पाहिलं. रघूत्तम वकील, गळा गोड, केस कुरळे. फत्तेसिंगराव, ज्यांच्याकडे तेव्हा मोटारसायकल होती. शंभूराव शिंपी, जे पोलक्याचं माप घेताना कविता म्हणत अशी ख्याती. बरेचसे आता हयात नव्हते. त्याने फरक पडत नव्हता.

संध्याकाळी कॉफी घेताना त्यांनी विषय काढला. शक्य तेवढ्या सहज.

"तू त्या वाचनालयात फार जायचीस का गं?"

"कृष्णराजनगरहून इथे आलो तेव्हा दुसरं होतं काय? आप्पा सिनेमाला सोडत नव्हते."

"तुझ्या मागोमाग एक जण प्रत्येक पुस्तक न्यायचा."

तुंगाबाईंनी पेला खाली ठेवला. नवऱ्याकडे नीट पाहिलं, आणि मग शालीत तोंड घालून हसायला लागल्या.

"अय्यो देवा! आणि म्हणून दुपारपासून हे तोंड? त्र्याहत्तराव्या वर्षी? आधी बीपीची गोळी घ्या, मग संशय घ्या."

"संशय नाही. नोंदीत विसंगती आहे, म्हणून विचारतोय."

"विसंगती म्हणे! शंभूराव होते का बघा बरं यादीत. फार छान बोलायचे."

"आहेत," बिंदुमाधवराव म्हणाले.

"बघा, तोंडपाठ आहे यादी!"

३

हसणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पण गंमत करता होय माझी? तुम्हीच ते."

"मी?"

"मी पेन्सिलीने समासात प्रश्न लिहून ठेवायचे. ही बाई अशी का वागली, हा का निघून गेला, असं काहीबाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुस्तक परत हाती आलं की खाली उत्तर असायचं. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. चार वर्षं. कोण, काय, विचारायची सोय नव्हती आणि मला विचारायचंही नव्हतं. मग तुम्ही मला बघायला आलात. केसांना हे एवढं तेल. मी आत जाऊन आईला नको सांगणार होते. तेवढ्यात आप्पांना तुम्ही पत्ता लिहून दिलात. मी चिठ्ठी बघितली. तेच अक्षर. म्हणून तर हो म्हटलं."

बिंदुमाधवरावांच्या हातातली कॉफी निवली होती.

"कधी बोलली नाहीस."

"तुम्हीही नाही बोललात. मला वाटलं, ती आपल्यातली गोष्ट. बोलून दाखवली तर जाईल." त्यांनी मान कलती करून, हो ना अशा अर्थाच्या कानडी शब्दाची जोड देत विचारलं, "तुम्हीच ना, अल्वा?"

त्या चार वर्षांत ते धारवाडला संशोधन करीत होते. मात्र त्यांची मावशी मैसूरला होती, आणि सुट्टीत ते तिच्याकडे येत. येत असत असं त्यांना वाटे. किती वेळा, किती दिवस, वाचनालयात कधी पाय टाकला का, हे काहीच आठवत नव्हतं. एका जिन्याचा आणि ओल्या कागदाच्या वासाचा भास मात्र झाला. तो भास जुना होता की त्याच क्षणी तयार झालेला, हे कसं ठरवायचं?

चव्वेचाळीस वर्षांचा संसार समोर शाल पांघरून बसला होता, उत्तराची वाट बघत.

"हो," बिंदुमाधवराव म्हणाले. "मीच."

४

त्यानंतर आठवडाभर ते सुखात होते असं म्हणता येईल. एक जागा रिकामी होती, तिच्यात त्यांचं नाव बसत होतं. पण टक्क्यात कुठलंही नाव बसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? रात्री झोपेत तुंगाबाईंच्या चेहऱ्यावर हसू येई, आणि ते कोणासाठी आहे या विचाराने त्यांना कूस बदलावी लागे. माझ्यासाठी, ते स्वतःला सांगत. मग मनातल्या मनात तोच प्रश्न पुन्हा येई: तू होतास का?

पुढल्या सोमवारी त्यांनी पुन्हा त्याच ओळी मागवल्या. एकशे तेरा आल्या.

शेवटची ओळ त्याच दिवसाची होती. नाव: %. पुस्तक: तुंगाबाईंनी आदल्या रात्री वाचून संपवलेली, अन्विताने, त्यांच्या मुलीने, पाठवलेली नवी कादंबरी. वाचनालय बंद पडलं तेव्हा ती कादंबरी लिहिणाऱ्याचा जन्मही झाला नसेल.

त्यांनी हिनकलला फोन लावला.

"चंद्रिका, तू काही ओळ घातलीस का आज?"

"मला कुठला वेळ, काका? सकाळपासून मीटिंग. थांबा, बघते." कळांचा आवाज आला. "तुमच्याच नावाने घातलीय. दोन वाजून चाळीस मिनिटांनी. तुमच्या घरून."

"दोन-चाळीसला मी इथेच बसलो होतो."

"तेच म्हणते. तुम्हीच घातली असणार. चुकून दाबलं जातं हो."

चुकून एक कळ दाबली जाते. चुकून कादंबरीचं नाव, लेखकाचं नाव, तारीख टंकली जात नाही. पण हे त्यांनी चंद्रिकाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, काका, तुम्ही विसरलात. आणि तिला खोटं कसं पाडायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

फोन ठेवल्यावर त्यांना जाणवलं की मधल्या खोलीतून आवाज येतोय. कागदावर पेन्सिल चालल्याचा. थोडा वेळ चाले, थांबे, पुन्हा चाले. ते दारापर्यंत गेले. तुंगाबाई डाव्या खुर्चीत गाढ झोपल्या होत्या, हात मांडीवर मोकळे. उजव्या खुर्चीवर ती कादंबरी उपडी ठेवलेली होती.

५

कादंबरीच्या समासात तुंगाबाईंचे प्रश्न होते. प्रत्येकाखाली उत्तर होतं. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. बिंदुमाधवरावांचंच.

त्यांनी टेबलावर बसून तेच शब्द कागदावर लिहून पाहिले आणि शेजारी धरले. भिंगातूनही फरक दिसेना. मग त्यांनी शास्त्रशुद्ध परीक्षा घ्यायची ठरवली. रोज दोन वाजता घड्याळ समोर ठेवायचं आणि दर पाच मिनिटांनी वहीत एक खूण करायची. खुणेत खंड पडला तर आपण भानावर नव्हतो. नऊ दिवस केलं. एकही खूण चुकली नाही. त्या नऊ दिवसांत मधल्या खोलीतल्या पुस्तकांत सत्तेचाळीस उत्तरं आली, आणि तक्त्यात तीन नव्या ओळी.

तुंगाबाई बदलल्या. दुपारी जेवण झालं की त्या तोंड धुऊन केस विंचरू लागल्या. कपाटातून पुस्तक निवडायला त्यांना पंधरा मिनिटं लागत. "तुम्ही परत लिहायला लागलात," एकदा वाढता वाढता त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, संपलं ते." आणि त्यांचा हात क्षणभर नवऱ्याच्या मनगटावर राहिला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा तसा राहिला नव्हता.

त्या हाताचा बिंदुमाधवरावांना इतका राग आला की त्यांनी ताट बाजूला सारलं. तो हात त्यांच्यावर होता आणि त्यांचा नव्हता.

"आज काय लिहिलं होतं मी?" त्यांनी विचारून पाहिलं.

"साकु हो, पुरे! लिहिलेलं बोलायचं नसतं."

जेवताना पूर्वी त्या शेजाऱ्यांबद्दल, भाजीवालीबद्दल, अन्विताच्या नवऱ्याच्या, प्रणेशच्या घोरण्याबद्दल बोलत. आता बोलत नव्हत्या. सांगायचं ते सगळं दुसरीकडे सांगून झालेलं असे.

मग तो शुक्रवार. तुंगाबाई देवळात गेल्या होत्या. बिंदुमाधवरावांनी उजव्या खुर्चीवरचं पुस्तक उचललं. वेत अजून जरा खचलेला होता आणि हात लावला तर कोमट. पान चौऱ्याऐंशी. वर तुंगाबाईंचा गोल अक्षरातला प्रश्न: 'पहिल्या पुस्तकात तुम्ही काय लिहिलं होतं, आठवतं का अजून?'

खाली उत्तर: 'मला सगळं आठवतं. विसरतो तो समोरच्या खोलीतला.'

६

ते समोरच्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले. काय करायचं हे त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि इतकं स्पष्ट दिसतंय म्हणूनच ते चूक असावं, असंही कुठेतरी वाटत होतं. नेहमीच्या दिवशी त्यांनी त्या वाटण्याचं ऐकलं असतं.

बाहेर फाटक वाजलं. तुंगाबाई आल्या, चपला काढल्या, तोंड धुतलं. "मी जरा बसते हां मधे," म्हणाल्या. वेताची डावी खुर्ची करकरली. थोड्या वेळाने उजवीही.

पेन्सिल चालू लागली.

वरच्या बाणाची कळ दाबून त्यांनी आधीचाच एक प्रश्न परत आणला, म्हणजे सगळं नव्याने टंकायला नको. प्रश्न बरोबर दिसत होता: नावाच्या रकान्यात टक्का असलेल्या ओळी. 'दाखव' या अर्थाचा शब्द होता तिथे त्यांनी 'पूस' या अर्थाचा लिहिला. क्षणभर थांबले. कशासाठी थांबलो, हे त्यांना नंतर किती वेळा तरी आठवून पाहावं लागलं. मग कळ दाबली.

पुढच्या श्वासाला कळलं. आदल्या दिवशी त्यांनी एकूण ओळी मोजल्या होत्या, तो प्रश्न होता हा. त्यात बरोबरचं चिन्ह नव्हतं, लाइक होतं. त्यांनी एका माणसाला पुसायला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना पुसायला सांगितलं होतं: रघूत्तम, फत्तेसिंगराव, शंभूराव, कुमारी तुंगा जगन्नाथराव, सगळं जग.

पडद्यावर आकडा आला. जुन्या सहा हजार दोनशे चार आणि नंतर आलेल्या चार, अशा तक्त्यात सहा हजार दोनशे आठ ओळी होत्या. आदल्या दिवशीच मोजल्या होत्या. पुसल्या गेल्या सहा हजार दोनशे नऊ.

पेन्सिल थांबली.

मधल्या खोलीत इतकी शांतता होती की गल्लीच्या तोंडाशी नारळवाल्याने कोयता ठेवलेला ऐकू आला. बिंदुमाधवराव उठले. दाराला अर्धा पडदा होता. त्यांनी तो दोन बोटांनी सरकवला.

तुंगाबाई डाव्या खुर्चीत होत्या, किंचित पुढे झुकलेल्या, कोणी वाचून दाखवत असताना ऐकावं तशा. उजव्या खुर्चीत कोणीतरी पुस्तक उघडं धरलं होतं. दोन्ही बाजूंना बोटं दिसत होती, एका हाताच्या बोटांत पेन्सिल. पुस्तकाच्या वर चेहऱ्याची जागा होती. बिंदुमाधवरावांच्या मनात रघूत्तम आला आणि तिथे रघूत्तम होता. त्यांना वडील आठवले आणि वडील होते. ते घाबरून नाव शोधू लागले, आणि प्रत्येक नाव त्या जागी अगदी बरोबर बसत गेलं. फक्त एकाच नावाचा विचार त्यांनी केला नाही. तेवढा धीर झाला नाही.

त्यांनी डोळे मिटले असावेत. उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती, आणि खचलेला वेत हळूहळू करकरत वर येत होता.

तुंगाबाईंनी मान वर केली. दारात परका माणूस पाहून बाई करते तशी शाल नीट केली. चेहरा प्रसन्न होता.

"या ना," त्या म्हणाल्या. "कोण पाहिजे आपल्याला? हे आत्ताच आत गेले."

७

चंद्रिका तासाभरात हिनकलहून आली. फाटक उघडतानाच तिचा आवाज आला, "काका, घाबरू नका, माझ्याकडे बॅकअप आहे." तक्ता तिने अर्ध्या तासात परत उभा केला. सहा हजार दोनशे चार ओळी. एकशे बारा टक्के जागच्या जागी. नंतर आलेल्या चार ओळी तेवढ्या आल्या नाहीत.

तुंगाबाईंनी तिला ओळखलं. वजन वाढल्याबद्दल टोमणाही मारला. अन्विताला फोनवर ओळखलं, प्रणेशचं घोरणं आठवलं, दूधवाल्याचा हिशोब आठवला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीकशी रक्ताची गाठ असू शकते. एखादाच कप्पा जातो, बाकी सगळं राहतं. त्यांनी चित्रं दाखवली. चित्रांत गाठ सापडली नाही, पण या वयात नेहमी सापडतेच असं नाही, असंही ते म्हणाले. बिंदुमाधवरावांनी मान हलवली. ते स्पष्टीकरण चांगलं होतं. त्यात काही खोट काढता येत नव्हती.

"मावशी, हे कोण?" चंद्रिकाने त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं.

तुंगाबाईंनी अदबीने पाहिलं. ओठ हलले. मग त्या ओशाळून हसल्या. "माझ्या लक्षात येत नाही गं. यांच्याकडे आलेत का?"

त्या घरात ते चार वर्षं पाहुण्यासारखे राहिले. तुंगाबाईंनी पाहुणचारात कधी उणं ठेवलं नाही. सकाळी कॉफी, दुपारी जेवणवेळी "ऊट झालं का?", गार वारा सुटला की "खिडकी लावू का हो?" दुपारी दोनला त्या मधल्या खोलीत जात आणि दार ओढून घेत. समासांत नवं काही लिहिलेलं बिंदुमाधवरावांना पुन्हा कधी दिसलं नाही. तुंगाबाई मात्र चार वाजता बाहेर येत तेव्हा ऐकून तृप्त झालेल्या असत.

एकदा, दुसऱ्या वर्षी असेल, त्यांनी धीर केला. तुंगाबाईंच्या पुस्तकात एका प्रश्नाखाली स्वतःच पेन्सिलीने उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं त्या दोन ओळींत घातलं होतं. पुस्तक परत ठेवलं आणि समोरच्या खोलीत येऊन बसले. छाती तरुण माणसासारखी धडधडत होती.

चार वाजता दार उघडलं. तुंगाबाई पुस्तक हातात घेऊन त्यांच्या टेबलापाशी आल्या. बराच वेळ त्या समासाकडे पाहत होत्या. मग त्यांनी डोळे वर केले, आणि त्यांत एवढी दया होती की बिंदुमाधवरावांना खाली बघावं लागलं.

"अक्षर यांच्यासारखंच आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या.

८

तुंगाबाई दोन हजार बावीसच्या ऑगस्टमध्ये गेल्या. त्रास न होता, दुपारी, खुर्चीत.

त्यानंतर बिंदुमाधवरावांकडे एकच प्रश्न उरला. कोणी हसेल असा. पण त्यांचं बाकी सगळं त्याच्यावर टेकलेलं होतं. त्या एकशे बारा दिवशी पुस्तक नेणारे ते स्वतःच असतील, तर तुंगाने ज्याला हो म्हटलं तो तेच होते. मग नंतर जे झालं ते म्हाताऱ्या बायकोचं आजारपण आणि म्हाताऱ्या नवऱ्याचा भ्रम, एवढंच. त्याहून भयंकर काही नाही. आपण नुसते विसरलो होतो एवढंच ठरावं म्हणून इतकी आस कोणी धरली नसेल. मावशीचं घर, जिना, ओला कागद, हे ते रोज मनात घोटत. रोज ते थोडं स्पष्ट होई, आणि रोज त्याच कारणाने त्यावरचा विश्वास थोडा कमी होई.

आणखी दोन वर्षांनी, एकोणऐंशीव्या वर्षी, अन्विताचा विरोध न जुमानता ते रात्रभराचा गाडीचा प्रवास करून धारवाडला गेले. संशोधनाच्या काळात शहराबाहेरच्या एका शेतकी केंद्रावर त्यांची नेमणूक होती. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचायचा, आकडा लिहायचा, पुढे सही करायची. पाऊस असो, नसो. पावसाच्या नोंदी कोणी टाकून देत नाही. तिथल्या अधिकारी बाईंनी कपाटातून जाड कापडी बांधणीच्या वह्या काढून दिल्या आणि खिडकीशी खुर्ची ठेवली. वह्यांना कसर लागलेली नव्हती.

त्यांनी एकशे बारा तारखांची यादी बाजूला ठेवली आणि एकेक पान उलटलं. दुपारचे तीन वाजले. एकदाही घाई केली नाही, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासलं.

दर तारखेपुढे मिलिमीटरचा आकडा होता, आणि त्यापुढे बारीक, डावीकडे कललेली सही. एकशे बारापैकी एकशे बारा सकाळी बिंदुमाधवराव धारवाडला होते.